जुनी माउंटन सायकल: जतन, वापर आणि दुरुस्ती यांविषयीच्या मतभेदांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

डोंगरातील कच्च्या वाटांसाठी घडलेल्या सायकलीला, म्हणजे बोलीभाषेत 'एमटीबी' किंवा नुसतेच 'जाड टायरची गिअरची सायकल' म्हटल्या जाणाऱ्या प्रकाराला, आता जवळजवळ अर्धशतक होत आले आहे. तिच्या पहिल्या दोन दशकांतील नमुने आज संग्राह्य वस्तू, रोजच्या वापराचे वाहन आणि भंगाराच्या दुकानातील लोखंड अशा तिन्ही रूपांत एकाच वेळी आढळतात. अशा सायकलीचे नेमके काय करावे, ती मूळ रूपात जपावी की नवे भाग बसवून चालवावी, आणि चालवायची असेल तर कोणत्या मर्यादेत, याविषयी जाणकारांत गेली काही दशके मतभेद आहेत. या मतभेदांची मांडणी बहुतेक वेळा थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतील अनुभवावर उभी असल्यामुळे ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि म्हणून हवामान, रस्ते व कारागिरी या तिन्ही बाबी ध्यानात घेऊन तिचा पुन्हा विचार करणे आवश्यक ठरते.

या विचारासाठी दादरा व नगर हवेलीतील, सिल्वासाजवळचे गलोंडा हे गाव सोयीचे ठिकाण आहे. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा सुमारे ४० टक्के भाग वनाखाली असून जून ते सप्टेंबर या काळात येथे दोनशे ते अडीचशे सेंटिमीटर पाऊस पडतो. एका बाजूला सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणारे डांबरी रस्ते आणि दुसऱ्या बाजूला पाड्यांकडे वळणाऱ्या मुरमाच्या वाटा, असा दुहेरी भूगोल येथे थोड्या अंतरात एकत्र येतो. सिल्वासापासून खानवेल सुमारे २० किलोमीटरवर आणि दमणगंगा नदीवरील मधुबन धरणाच्या जलाशयाकाठचे दुधनी त्याच्या दुप्पट अंतरावर असून, पूर्वेकडे जावे तसा सह्याद्रीच्या पायथ्याचा चढउतार वाढत जातो. जुन्या माउंटन सायकलीच्या गुणदोषांची कसोटी लागावी असे चढ, चिखल, दमट हवा आणि उन्हाळ्यातील धूळ हे सारेच या टापूत उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

कच्च्या वाटेवर सायकल चालविणे ही कल्पना माउंटन सायकलीपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये १९५१ ते १९५६ या काळात पॅरिसजवळच्या एका मंडळाने साध्या सायकलींत फेरफार करून रानवाटांवर शर्यती केल्या, तर ब्रिटनमध्ये १९५५ साली 'रफ स्टफ फेलोशिप' ही संस्था डोंगरपायवाटांवरून सायकलने भटकणाऱ्यांसाठी स्थापन झाली. खरे तर भारतीय खेड्यातील दूधवाला आणि टपालवाला या दोघांनी हा प्रकार कोणत्याही संस्थेविना आणि कोणतेही नाव न देता पिढ्यान्‌पिढ्या चालविला होता, मात्र त्यातून सायकलीचा वेगळा नमुना जन्माला आला नाही.

तो नमुना जन्मला कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात. तेथील तरुणांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातील श्विन बनावटीच्या, फुगीर टायरच्या जड सायकली जमवून टॅमलपायस पर्वताच्या परिसरातील उतारांवर त्या हाकण्यास सुरुवात केली आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रिपॅक' या नावाने प्रसिद्ध झालेली पहिली उतारशर्यत भरविली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरच्या अंतरात सुमारे ४०० मीटर खाली आणणाऱ्या या वाटेवर मागच्या चाकाच्या हबमधील पायब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर होई आणि शर्यतीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. शर्यतीला नाव पडले ते याच कामावरून. माउंटन सायकलीच्या इतिहासातील पहिले प्रसिद्ध नाव देखभालीच्या कामावरून पडावे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पुढील घडामोडी वेगाने झाल्या. जो ब्रीझ यांनी १९७७ च्या सुमारास या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम घेऊन १९७९ मध्ये विक्री सुरू केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये तयार झालेली 'स्टंपजंपर' बाजारात आल्यावर हा प्रकार कारागिराच्या कोठीतून कारखान्यात गेला. शिमानोने १९८२ मध्ये 'डिओर एक्सटी' हा खास माउंटन सायकलीसाठीचा भागसंच आणला, १९८९ मध्ये 'रॉकशॉक्स' कंपनीचा दणके शोषणारा पुढील चिमटा (फोर्क) आला, १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. त्याच वर्षी शिमानोचे 'व्ही-ब्रेक' आले. काही अभ्यासक जुन्या माउंटन सायकलीच्या कालखंडाची अखेर याच सुमारास मानतात.

भारतातील वळण

भारतीय उद्योगाने ही कल्पना उशिरा आणि स्वतःच्या पद्धतीने स्वीकारली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये सुरू झालेला टी. आय. सायकल्स, सोनिपतचा अ‍ॅटलस आणि लुधियानाचा, १९५६ पासूनचा हिरो हे कारखाने मुख्यतः काळी, उंच, २८ इंची चाकांची सायकल बनवीत होते. नव्वदच्या दशकात 'हिरो रेंजर' किंवा 'हर्क्युलिस एमटीबी' अशा नावांनी सरळ हँडल आणि खाचांच्या जाड टायरची जी सायकल शाळकरी मुलांच्या हाती आली, तिच्यात माउंटन सायकलीचे रूप होते, परंतु फ्रेम साध्या पोलादाची, जाड नळ्यांची होती आणि अनेक नमुन्यांत गिअर नव्हतेच. परदेशी बनावटीच्या किंवा त्या दर्जाच्या गिअरच्या सायकली सामान्य ग्राहकाला सहज मिळू लागल्या त्या २००५ मध्ये 'फायरफॉक्स' ही कंपनी सुरू झाल्यानंतर. ही कंपनी पुढे २०१५ मध्ये हिरो सायकल्सने विकत घेतली.

याचा परिणाम असा झाला की मराठी मुलखात आणि त्याच्या सीमेवरील भागांत 'जुनी माउंटन सायकल' या शब्दप्रयोगाखाली दोन भिन्न वस्तू येतात: एक, नव्वदच्या दशकातील देशी जाड टायरची सायकल, जी संख्येने पुष्कळ आहे आणि जिला कोणी संग्राह्य समजत नाही, दुसरी, परदेशातून कोणा नातेवाइकाबरोबर किंवा जुन्या मालाच्या बाजारातून आलेली क्रोमोलीची सायकल, जी विरळ आहे आणि जिच्याभोवती सगळी चर्चा फिरते. क्रोमोली म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद. ते साध्या पोलादापेक्षा अधिक ताठ असते असा समज रूढ असला, तरी दोहोंचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. क्रोमोलीची ताकद अधिक असल्यामुळे नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन कमी होते, एवढाच तिचा फायदा आहे. या एका गोष्टीचे परिणाम पुढे गंजाच्या विवेचनात पुन्हा येतील.

'जुनी' कशाला म्हणावे

व्याख्येबाबत एकवाक्यता नाही. रस्त्यावरच्या शर्यती सायकलींच्या बाबतीत इटलीतील गायोले येथे १९९७ पासून भरणाऱ्या 'एरोइका' या मेळाव्याने १९८७ ही सीमारेषा रूढ केली. माउंटन सायकलीला ही रेषा लावली तर तिचा बहुतेक इतिहास बाहेर राहतो. म्हणून काही जाणकार पुढच्या चिमट्यात दणके शोषणारी यंत्रणा नसलेल्या, म्हणजे पूर्ण कडक सायकलीलाच जुनी मानतात, काहींच्या मते डिस्क ब्रेकपूर्वीची कोणतीही सायकल त्यात येते, तर तिसरा गट चाकाचा आकार प्रमाण मानतो आणि २६ इंची चाकांचा सारा काळ जुना ठरवितो. ही तिसरी व्याख्या सैल असली तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे, कारण सुटे भाग मिळतात की नाही हे वर्षावर अवलंबून नसून मापांवर अवलंबून असते.

तीन भूमिका

पहिली भूमिका मूळपणाची आहे. या मताप्रमाणे कारखान्यातून निघालेल्या सायकलीवरील रंग, नक्षीपट्ट्या, गिअरचे खटके आणि अगदी हँडलच्या मुठीही त्या काळाचा पुरावा असतात. एकदा रंग खरवडला किंवा मूळ भाग फेकून दिला की तो पुरावा कायमचा नष्ट होतो. माउंटन सायकलीचा विकास इतका झपाट्याने झाला की दर दोन-तीन वर्षांनी एखादी कल्पना आली आणि नाहीशी झाली. मागच्या चाकाजवळ पायडलखाली बसविलेले 'यू-ब्रेक' हे त्याचे उदाहरण होय: ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मोठ्या प्रमाणावर बसविले गेले आणि चिखल साठतो म्हणून लवकरच सोडूनही दिले गेले. अशा फसलेल्या प्रयोगांचे नमुने कोणी तरी जसेच्या तसे ठेवले नाहीत तर तंत्राचा इतिहास केवळ यशस्वी कल्पनांचा इतिहास होईल, हा या भूमिकेचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स येथील मरीन सायकल संग्रहालय याच विचाराने चालते. पुण्यात कर्वेनगर येथील विक्रम पेंडसे सायकल्स या संग्रहालयात भर जुन्या काळ्या सायकलींवर आणि त्यांच्याशी संबंधित वस्तूंवर असला, तरी जतनामागील दृष्टी हीच आहे.

दुसरी भूमिका वापराची आहे. सायकल ही चालण्यासाठी केलेली वस्तू असून तिचे टायर, चेन, ब्रेकचे रबर आणि छर्रे हे झिजण्यासाठीच बनविलेले भाग आहेत, त्यामुळे ते बदलण्यात मूळपणाचा भंग होत नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे. अमेरिकेत ब्रिजस्टोन कंपनीच्या सायकलींची आखणी करणाऱ्या ग्रँट पीटरसन यांनी, आणि १९९४ नंतर त्यांच्याच रिव्हेंडेल या छोट्या कंपनीने, पोलादी फ्रेम, साधे गिअर आणि दुरुस्त होऊ शकणारे भाग यांचा पुरस्कार सातत्याने केला. भिंतीवर टांगलेल्या सायकलीचे ग्रीसही कालांतराने वाळते आणि रबरही कडक होते, म्हणजे न वापरणे हे काही जतन नव्हे, ही या पक्षाची बाजू दमट प्रदेशात विशेष पटते.

तिसरी भूमिका रूपांतराची आहे. या मताचे लोक जुनी फ्रेम हा केवळ सांगाडा मानतात आणि तिच्यावर नवे, रुंद हँडल, आखूड स्टेम (हँडल चिमट्याला जोडणारा दांडा), एकाच दातेचक्राची नवी गिअरव्यवस्था व शक्य असल्यास डिस्क ब्रेक बसवितात. सामान वाहण्यासाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी अशी सायकल उत्तम चालते याचे दाखले पुष्कळ आहेत. आक्षेप आहे तो अपरिवर्तनीय बदलांवर. डिस्क ब्रेकसाठी जुन्या, पातळ नळीवर नवा आधार झाळणे, किंवा मागच्या चाकाची रुंदी वाढविण्यासाठी फ्रेम ताणणे यांत फ्रेमची ताकद किती राहते हे बाहेरून कळत नाही. पोलादी फ्रेम १३० मिलिमीटरवरून १३५ पर्यंत सावकाश ताणणे जाणकार कारागिराला जमते आणि बहुतेकांना ते मान्य आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हा प्रयोग करू नये, यावर तिन्ही पक्षांचे दुर्मीळ असे एकमत आहे.

पाऊस आणि गंज

दमणगंगेच्या खोऱ्यासारख्या प्रदेशात हा सारा वाद गंजापाशी येऊन थांबतो. पोलादाचा एक मोठा गुण असा की ठरावीक मर्यादेखालील ताण त्याने कितीही वेळा सोसले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसल्यामुळे त्याची फ्रेम वापराबरोबर हळूहळू थकत जाते. म्हणून तीस-चाळीस वर्षांची पोलादी फ्रेम आजही निर्धास्त चालविता येते, असे पोलादाचे समर्थक सांगतात. पण हा हिशोब नळीची भिंत पूर्ण जाडीची आहे असे गृहीत धरतो. चांगल्या क्रोमोली फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्यभागी पातळ असतात आणि मधली जाडी अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. अशा नळीला आतून गंज चढला तर गमावण्यासारखे फारसे काही उरत नाही. उलट ज्या देशी फ्रेमला कोणी किंमत देत नाही, तिच्या जाड नळ्या तेवढ्याच गंजानंतरही उभ्या राहतात. मौल्यवान सायकल नाजूक आणि स्वस्त सायकल चिवट, असा हा उलटा न्याय आहे आणि पावसाळी भागातल्या मालकाने तो आधी समजून घेतलेला बरा.

पाणी फ्रेममध्ये शिरते ते मुख्यतः सीटच्या दांड्याच्या खाचेतून आणि साचते ते खाली, पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात बसतो त्या बी.बी.मध्ये. बऱ्याच फ्रेमना तेथे पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र असते आणि ते मुरमाच्या गाळाने बुजते. तारेने ते मोकळे करणे हे पावसाळ्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम आहे. फ्रेमच्या आतून संरक्षक थर देण्याबाबत मात्र मतभेद आहेत. जवसाच्या तेलाचा थर वाळून टिकाऊ पापुद्रा होतो म्हणून काही जण त्याची शिफारस करतात, काही लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचे मिश्रण वापरतात, तर दुकानांत बहुधा वापरलेले इंजिन ऑइल ओतले जाते. शेवटचा उपाय फुकटात होत असला तरी ते तेल पातळ असल्याने निथळून जाते आणि त्यातील आम्ले पोलादाला हितकारक नसतात, हे लक्षात घेता त्याचा आग्रह धरू नये.

अ‍ॅल्युमिनियमचा सीटचा दांडा पोलादी नळीत घट्ट बसण्याची तक्रार तर सार्वत्रिक आहे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा थर साठतो, तो फुगतो आणि दांडा जणू डाख दिल्यासारखा पकडला जातो. मग तापविणे, भेदक तेल सोडून ठेवणे किंवा दांडा कापून आतून करवतीने सोडविणे एवढेच मार्ग उरतात, आणि शेवटच्या मार्गात फ्रेमलाच इजा होण्याची भीती असते. वर्षातून दोनदा दांडा पूर्ण काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसविला तर हे सारे टळते.

ओव्हरऑइलिंग आणि त्यातील मतभेद

मराठी सायकल दुकानांत संपूर्ण सायकल उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याच्या कामाला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. जुन्या माउंटन सायकलीचे नशीब असे की तिचे बहुतेक फिरते सांधे वाटी, कोन आणि सुट्टे छर्रे या जुन्याच पद्धतीचे असतात, त्यामुळे काळी सायकल उघडणारा कोणताही कसबी कारागीर ते उघडू शकतो. छर्ऱ्यांची मापेही ओळखीचीच असतात: पुढच्या हबमध्ये सामान्यतः एका बाजूस तीन-सोळांश इंचाचे १०, मागच्या हबमध्ये पाव इंचाचे ९ आणि बी.बी.मध्ये सुट्टे असल्यास पाव इंचाचे ११. छर्रे बदलताना सगळेच्या सगळे बदलावेत, कारण एकच जुना, झिजलेला छर्रा राहिला तर भार उरलेल्यांवर जातो. घोटाळा होतो तो आट्यांच्या दिशेत. बी.बी.ची चेनकडील वाटी बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांची असते, आणि हे विसरून जोर लावणाऱ्याने ती अधिकच घट्ट केल्याची उदाहरणे दुकानोदुकानी ऐकू येतात.

चेनच्या बाबतीत दोन परंपरा समोरासमोर आहेत. जुन्या पद्धतीत चेन काढून रॉकेलमध्ये, आणि रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून डिझेलमध्ये, बुडवून ठेवली जाते. याउलट नव्या मताप्रमाणे अशा आंघोळीने पिनांच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस निघून जाते आणि वरून दिलेले पातळ तेल तेथवर पुरेसे पोहोचत नाही, म्हणून चेन बाहेरून पुसावी आणि प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडून उरलेले पुसून घ्यावे. मुरमाची धूळ तेलकट चेनवर बसून पॉलिश पेपरसारखी घासते, हे पाहता कोरड्या महिन्यांत दुसरी पद्धत आणि भर पावसात जाडसर तेल अशी तडजोड व्यवहार्य वाटते. झीज मोजण्याच्या पद्धतीवर मात्र वाद नाही: नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात, त्या १२ पूर्णांक एक-अष्टमांश इंच भरू लागल्या की चेन एक टक्का लांबलेली असते आणि ती तशीच चालविल्यास दातेचक्रेही खाऊन टाकते.

गिअरच्या खटक्यांविषयीचा एक अनुभवसिद्ध निष्कर्षही नोंदविण्याजोगा आहे. अंगठ्याने फिरविण्याचे साधे लिव्हर जवळजवळ अमर ठरले, तर १९९० नंतरच्या दोन बटणांच्या 'रॅपिडफायर' खटक्यांतील ग्रीस वाळून आतील बारीक कुत्रे (अडकवणाऱ्या खिट्ट्या) चिकटतात आणि गिअर पडेनासा होतो. अशा वेळी भाग निकामी ठरवून टाकून दिले जातात, वास्तविक आतील वाळलेले ग्रीस विद्रावकाने धुऊन हलके तेल सोडल्यास त्यांतील पुष्कळ पुन्हा चालू होतात.

ब्रेक आणि चाके

सुरक्षिततेचा खरा प्रश्न येथे आहे. व्ही-ब्रेकपूर्वीच्या सायकलींवर 'कँटिलिव्हर' ब्रेक असत, म्हणजे चिमट्याच्या दोन्ही पायांवर एकेक भुजा आणि त्या दोहोंना जोडणारी आडवी तार, जिला मधोमध मुख्य तार वर ओढते. ही आडवी तार जितकी टायरच्या जवळ, तितकी पकड अधिक, पण लिव्हर तितका जास्त आत येतो. हे जुळविणे कौशल्याचे काम असून 'जुन्या सायकलीचे ब्रेक लागतच नाहीत' या तक्रारीमागे बहुधा चुकीची जुळवणी आणि वीस वर्षांत दगड झालेले रबर ही दोन कारणे असतात. रबर नवे घातले आणि तार खाली घेतली तर अनेकदा व्ही-ब्रेकची गरज उरत नाही. ते बसवायचेच झाले तर लिव्हरही बदलावे लागतात, कारण जुने लिव्हर तार कमी ओढतात आणि व्ही-ब्रेकला ती अधिक ओढावी लागते.

त्याहून गंभीर बाब रिमची आहे. रिमवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकमध्ये रिमची बाजूच ब्रेकचा भाग असते आणि पावसाळी गाळ दोहोंच्या मध्ये सापडला की अ‍ॅल्युमिनियम दर फेरीला थोडे खरवडले जाते. बाजूवर सरळ पट्टी धरली असता मध्ये खळगा दिसला तर भिंत पातळ झाली असे समजावे, कारण हवेच्या दाबाने अशी रिम चालत्या वाटेवर फाटू शकते. देशी सायकलींवरील मुलामा दिलेली पोलादी रिम इतक्या लवकर झिजत नाही, मात्र ओली झाली की तिच्यावर रबराची पकड लक्षणीयरीत्या घटते. म्हणजे एका रिममध्ये झीज आणि दुसरीत घसरण असा पर्याय आहे. खानवेलच्या पलीकडील उतारांवर पावसात पोलादी रिमच्या सायकलीने उतरणे टाळावे.

चाकांचा 'आऊट' काढणे, म्हणजे स्पोक आवळून-सैल करून रिम सरळ करणे, हे काम प्रत्येक दुकानात होते. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायकलीच्या चाकाविषयीच्या पुस्तकात दाखवून दिले की स्वार बसल्यावर चाकाच्या तळाकडील स्पोकांचा ताण कमी होतो आणि वरच्यांचा फारसा वाढत नाही. त्यामुळे चाक सरळ दिसण्याइतकेच सर्व स्पोकांचा ताण पुरेसा आणि एकसारखा असणे महत्त्वाचे आहे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीत चाक डोळ्यांना सरळ दिसले की काम संपते. सैल स्पोकांचे चाक मग महिन्याभरात पुन्हा वाकडे होते.

सुटे भाग

या विषयात भारताची स्थिती परदेशाच्या नेमकी उलट आहे. युरोप-अमेरिकेत २७.५ आणि २९ इंची चाके आल्यानंतर २६ इंची टायरांची निवड आक्रसली. भारतात मात्र कमी किमतीच्या सायकली आजही मोठ्या प्रमाणावर याच मापात निघतात, त्यामुळे लुधियानाच्या रालसन व मेट्रो किंवा हैदराबादच्या हार्टेक्स यांचे टायर तालुक्याच्या दुकानातही मिळतात. एक सावधगिरी मात्र हवी: '२६ इंच' हे एक माप नाही. माउंटन सायकलीच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर सडपातळ टायरच्या काही २६ इंची सायकलींचा ५९०, आणि एकाचे टायर दुसऱ्यावर कधीच बसत नाही. म्हणून टायरवर छापलेला मिलिमीटरमधील तीन अंकी आकडा वाचूनच खरेदी करावी. ट्यूबच्या वाल्वचेही तसेच आहे. देशी सायकलींवर बहुधा साधा वाल्व आणि आयात सायकलींवर मोटारसायकलीसारखा वाल्व असल्याने पंपाचे तोंड जुळते का हे घरीच पाहून ठेवलेले चांगले.

अडचण येते ती फ्रीव्हील, चिमट्याची वाटी आणि सीटच्या दांड्याच्या जाडीची. सनटूर या जपानी नाममुद्रेचे जुने फ्रीव्हील काढण्यास दोन किंवा चार खाचांची विशिष्ट किल्ली लागते. ती नसताना छिन्नीने ठोकून काढणे म्हणजे हबचे आटे घालविणे. नव्वदच्या दशकारंभी चिमट्याच्या नळीची तीन मापे एकाच वेळी प्रचलित होती आणि त्यांतील सव्वा इंची माप लवकरच नाहीसे झाले. दणके शोषणाऱ्या पहिल्या पिढीच्या अनेक चिमट्यांत रबरासारख्या पदार्थाचे ठोकळे असत, ते उष्ण हवेत चुरा होतात आणि त्यांचे पर्याय मिळणे कठीण असते. उष्ण व दमट प्रदेशात कडक चिमट्याची सायकलच अधिक टिकाऊ ठरते, हा निष्कर्ष येथे टाळता येत नाही.

स्वारीचा प्रश्न

जुन्या सायकलीवरील स्वारी वेगळी का लागते, याचे उत्तर बरेचसे कोनांत आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रूढ झालेल्या आखणीत चिमट्याचा कोन सुमारे ७१ अंशांचा, स्टेम १२० ते १५० मिलिमीटर लांब आणि हँडल जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असे. आजच्या उताराच्या सायकलींत हा कोन ६५ अंशांच्या आसपास, स्टेम अगदी आखूड आणि हँडल त्याहून कितीतरी रुंद असते. जुन्या आखणीत स्वाराचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून चढावर ती चपळ असते आणि तीव्र उतारावर डोक्यावरून जाण्याची धास्ती देते. गलोंड्याच्या परिसरातील गाडीवाटा, शेताचे बांध आणि खडीचे रस्ते यांवर पहिला गुण अधिक कामी येतो. मोठ्या चाकांचे समर्थक म्हणतात की चाक जितके मोठे तितका खड्डा लहान वाटतो, आणि ते भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहे. लहान चाक वजनाला हलके, रचनेने अधिक मजबूत आणि लहान उंचीच्या स्वाराला सोयीचे असते, हेही तितकेच बरोबर आहे. वनक्षेत्रातील वाटांच्या बाबतीत आखणीपेक्षा परवानगीचा प्रश्न आधी येतो. या प्रदेशाचा काही भाग अभयारण्य असून तेथे सायकल नेण्यापूर्वी वनखात्याचे नियम पाहणे बंधनकारक आहे.

जे प्रश्न सुटलेले नाहीत

जुन्या फ्रेमची सुरक्षितता कशी ठरवावी, याचे समाधानकारक उत्तर या क्षेत्राजवळ नाही. सायकलींसाठीचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक नव्या सायकलीची चाचणी घेण्यासाठी आहे आणि ती चाचणी फ्रेम थकवून घेतली जात असल्यामुळे वापरातील एकमेव फ्रेमवर ती करताच येत नाही. रंगावरील बारीक केसासारखी चीर, जोडाजवळचा फुगवटा आणि टिचकी मारल्यावर येणारा बद्द आवाज एवढ्यावरच कारागीर निर्णय घेतो. मूळपणा आणि वापर यांचा मेळ घालण्याचा, म्हणजे काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवण्याचा आणि बदल फक्त परतविता येण्याजोगे करण्याचा मार्ग व्यवहारात दोन्ही पक्षांना पटू लागला आहे. मात्र ते खोके पुढच्या पिढीत कोण सांभाळील, हा प्रश्न तसाच आहे. कारागिरीचा प्रश्न अधिक निकडीचा म्हणावा लागेल. वाटी-कोन जुळविण्याची बोटांची जाण असलेले कारागीर मोटारसायकल आणि आता विजेच्या दुचाकींकडे वळत आहेत, आणि ही जाण पुस्तकातून पुरती मिळत नाही.

देशी जाड टायरच्या सायकलीला या साऱ्या चर्चेत जागा द्यावी की नाही, याविषयीही जाणकार गप्प आहेत. वरील विवेचनावरून पाहता तिला ती मिळावयास हवी: तिचे भाग मिळतात, तिची फ्रेम पावसाला पुरते, आणि कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या हाती जी जुनी माउंटन सायकल असते ती बहुधा हीच असते. क्रोमोलीची सायकल ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जरूर चालवावी, पण दमणगंगेच्या खोऱ्यात पाऊस जूनमध्ये लागतो, तेव्हा सीटचा दांडा काढून नळीत डोकावण्याचे आणि बी.बी.खालचे छिद्र मोकळे करण्याचे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे.